मदत हवी आहे: जोडलेल्या दोन सदनिकांत वाय-फाय आणि तुटणारे कॉल

मुलुंडवासी: पुनर्विकसित इमारतीत शेजारच्या दोन सदनिका जोडून आम्ही राहतो. मुख्य राउटरखेरीज दोन ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुढे पसरवणारी यंत्रे, बसवले असून तिन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच आहे; तरीही दिवाणखान्यातून मागच्या खोलीत गेले की व्हिडिओ कॉल तुटतो. सोमवारपासून घरूनच काम आहे, तेव्हा कोणते यंत्र घ्यावे एवढेच कृपया सांगावे.

तारवाला: पॉइंट केबलने जोडले आहेत की बिनतारी? आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारे क्रमांक) एकटा मुख्य राउटर वाटतो की तिघेही? भिंती विटांच्या आहेत का?

मेशप्रेमी: इतकी चौकशी हवी कशाला? ट्राय-बँड मेश संच (एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या, तीन बँडच्या राउटरांचा संच) घ्यावा. आमच्या पार्ल्याच्या विटांच्या घरी तो उत्तम चालतो.

तारवाला: यांच्या भिंती काँक्रीटच्या असल्या तर पार्ल्याच्या विटांच्या घराचा दाखला लागू पडत नाही. मेशची बिनतारी जोडणीसुद्धा त्याच भिंतींतून जाणार आहे.

गिरगावकर: त्यापेक्षा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा.

मुलुंडवासी: वेगाची तक्रार मी केलेलीच नाही. केबल अर्थातच आहे, कॅट-६. भिंती सगळ्या काँक्रीटच्या आहेत. जोडणाऱ्या माणसाने केबल दोन्ही पॉइंटांच्या वॅन (बाहेरचे इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये लावली आहे आणि मागच्या खोलीत फोनचा आयपी पत्ता बदललेला दिसतो.

तारवाला: मग नवे यंत्र घेण्याची गरज नाही. वॅन पोर्टमुळे प्रत्येक पॉइंट स्वतःचे वेगळे नेटवर्क चालवतो; म्हणून खोली बदलली की फोन वेगळ्या नेटवर्कात जातो, त्याचा पत्ता बदलतो आणि चालू कॉल तुटतो. केबल लॅन (घरातल्या नेटवर्काच्या) पोर्टमध्ये लावावी, दोन्ही पॉइंटांवरील डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि त्यांना मुख्य राउटरच्याच मालिकेतले, परस्परांशी न जुळणारे पत्ते द्यावेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे चॅनल वाटून, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून शक्ती कमी करावी, कारण दूरचा सिग्नल जोरदार असला तर फोन तो सोडत नाही.

मेशप्रेमी: आणि ८०२.११आर हे वाय-फायचे मानक? त्यावाचून रोमिंग, म्हणजे एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाणे, कसले?

तारवाला: पॉइंट बदलण्याचा निर्णय शेवटी फोनच घेतो, आयफोन सिग्नलचा जोर साधारण उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावरच दुसरा पॉइंट शोधू लागतो. याच मालिकेतले ११के हे मानक शेजारचे पॉइंट कळवते, ११व्ही कोणता घ्यावा ते सुचवते, ११आर फक्त नव्या पॉइंटवरची ओळखपरेड आटोपशीर करते. काही जुने प्रिंटर मात्र ११आर चालू असताना जोडलेच जात नाहीत.

मुलुंडवासी: केबल हलवली, डीएचसीपी बंद केले. कॉल आता तुटत नाही, क्षणभर अडखळतो. मात्र मागच्या पॉइंटचे ५ गिगाहर्ट्झ मधूनच नाहीसे होते. तेथे चॅनल १०० दिसतो.

तारवाला: ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारची चाहूल लागताच पॉइंटला जागा सोडावी लागते, आणि मुंबईत वेरावलीचे हवामान रडार सी-बँडचे, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्याच आसपासच्या लहरींचे आहे. तुमच्याकडे कारण तेच असेल असे नाही, पण एका पॉइंटला ३६, दुसऱ्याला १४९ देऊन पाहावे. मुख्य राउटरचे वाय-फाय चालू आहे की बंद, हे अजून आपण सांगितलेले नाही.