मदत हवी आहे: लोह न घातलेली बाटलीच हिरवी झाली!

अंटार्क्टिक डायटमचं (एकपेशीय सूक्ष्म शैवाल) कल्चर २ डिग्रीला वाढवतेय, प्रोजेक्ट लोह आणि मँगनीजवर आहे. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात उन्हाळ्यात नायट्रेट शिल्लक राहतं पण लोह संपतं म्हणून वाढ थांबते एवढं कळलं, आणि फोटोसिस्टिम २ मध्ये (प्रकाशसंश्लेषण करणारा प्रथिनांचा गट) मँगनीजचे ४ अणू लागतात, म्हणजे दोन्ही कमी पडू शकतात ना? पण माझी कंट्रोलची बाटलीच लोह न घालता मस्त हिरवी झालीय 😭 पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये आठवडाभर ठेवल्या, मिली-क्यूने (अतिशुद्ध पाणी) धुतल्या, ग्लोव्हज बिनपावडरचे. मग लोह आलं कुठून, इन्क्युबेटरच्या गंजलेल्या जाळीतून की जुन्या कल्चरसोबतच? सोबत आलेलं लोह संपवायला कंट्रोलमधून नव्या कंट्रोलमध्ये किती वेळा ट्रान्सफर करू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, गाईडना सोमवारी दाखवायचंय.