पानथरी ‘होते’ म्हणजे काय?

प्रश्न : नात्यातल्या एका वयस्कर काकूंनी सांगितलं, “लहानपणी मला पानथरी झाली होती.” शब्दकोशात पानथरीचा अर्थ प्लीहा असा मिळाला. पण प्लीहा तर सगळ्यांनाच असते, मग ती ‘झाली’ कशी? आणि शब्द पानथरी की पाणथरी?

उत्तर : दोन्ही रूपं लिहिली जातात, मी ‘पानथरी’ लिहितो. काकूंचं वाक्यही बरोबर आहे. पानथरी हे अवयवाचं नाव आहे आणि तो अवयव वाढण्याच्या दुखण्याचंही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ का झाले असावेत, ते शरीराकडे पाहिलं की कळतं. पानथरी डाव्या कुशीत, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या मागच्या बाजूला असते. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण १५० ग्रॅम. निरोगी असताना ती हाताला सहसा लागतच नाही. दुप्पट-तिप्पट वाढली की बरगडीखाली येते आणि चाचपता येते. म्हणजे लोकांना तिची ओळख व्हायची ती आजारातच. हिवताप वारंवार आला की ती हमखास वाढे, कारण जुन्या आणि बिघडलेल्या तांबड्या पेशी रक्तातून गाळून काढणं हे तिचंच काम. एखाद्या भागात हिवताप किती मुरला आहे हे जोखायला २ ते ९ वर्षांच्या मुलांची पोटं चाचपून किती जणांची पानथरी लागते ते मोजत. ही पद्धत डेम्प्स्टर या डॉक्टरने १८४०च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांच्या पाहणीत वापरली. काकूंनाही बहुधा हिवतापच झाला असेल, पण तेवढ्यावरून तसं ठरवू नये. पानथरी वाढण्याची कारणं बरीच आहेत.

प्रश्न : आयुर्वेदातही हा अवयव आहे ना?

उत्तर : आहे, आणि मला तो भाग फार मोलाचा वाटतो. चरकसंहितेत रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहून नेणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा असं सांगितलं आहे. सुश्रुत गर्भातली ही जोडी रक्तापासून झाली म्हणतो. गर्भावस्थेत काही काळ या दोन्ही अवयवांत रक्तपेशी तयार होतात हे आजचं शास्त्रही सांगतं. दोन्ही विधानं एकच आहेत असा दावा मी करणार नाही, पण या अवयवाचं रक्ताशी असलेलं नातं त्यांनी ओळखलं होतं. वाढलेल्या प्लीहेच्या उदररोगाला तिथे ‘प्लीहोदर’ असं वेगळं नाव आहे.

प्रश्न : ‘प्लीहा वाढला’ की ‘वाढली’?

उत्तर : मराठीत वाढली. संस्कृतात मूळ शब्द ‘प्लीहन्’, आत्मन्‌सारखा पुल्लिंगी. आपण आत्म्याचं लिंग तसंच ठेवलं, प्लीहेचं मात्र बदललं. हिंदीत हिलाच तिल्ली म्हणतात. आणि स्वादुपिंड वेगळं, बरं का! त्याचं शेपूट पानथरीपर्यंत पोचतं, म्हणून चित्रात दोघांची गल्लत होते.

प्रश्न : मग आज रुग्णांसाठी माहिती लिहिताना कुठला शब्द वापरावा?

उत्तर : पानथरी, आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी स्प्लीन. सोनोग्राफीच्या कागदावर तोच शब्द असतो. फक्त ‘पानथरी झाली’ एवढ्यावर थांबू नये, क्रियापद नेमकं हवं. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. त्या आजारात मुलाची पानथरी आधी वाढू शकते, पुढे व्रण पडून आक्रसते आणि निकामी होते. वाढली, आक्रसली, काढून टाकली, या तिन्ही गोष्टी घरच्यांना वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत. पानथरी निकामी झाली किंवा काढली तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका वाढतो, त्यासाठी लशी घ्याव्या लागतात आणि साधा वाटणारा तापही अंगावर काढून चालत नाही. माहितीपत्रकात हे वाक्य ठळक अक्षरांत घाला.