लांबच्या प्रवासासाठी डिझेल की पेट्रोल? सल्ला हवा

पाचवा_गिअर :
मंडळी, नवी गाडी घ्यायची आहे आणि वाचून वाचून डोकं फिरलंय. वापर असा: महिन्यातून एकदा लांबची फेरी, जाऊन-येऊन १००० किमी, वाटेत मोठा घाट, चार मोठी माणसं आणि डिकी भरून सामान. बाकी रोज ऑफिस, ४ किमी जाणं आणि ४ किमी येणं, तेही सिग्नल-सिग्नल. म्हणजे महिन्याला साधारण १२०० किमी. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार.
एकाच मॉडेलचे तीन पर्याय आहेत, तिन्ही १.५ लिटर मॅन्युअल: साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), डिझेल. बजेटची शेवटची मर्यादा म्हणजे डिझेलचं मधलं व्हेरिएंट. ऑटोमॅटिक आणि हायब्रीड बजेटबाहेर. सेकंड हँड नको.

टाकीफुल्ल :
डिझेल. डोळे मिटून. आपली डिझेल हायवेला २० च्या खाली उतरत नाही. फक्त टॉप व्हेरिएंट घ्या, ऑटोमॅटिक. क्रूझ कंट्रोल त्यातच मिळतो.

पाचवा_गिअर :
टॉप बजेटमध्ये नाही हो, वर लिहिलंय.

टाकीफुल्ल :
थोडं ताणा. गाडी काय माणूस रोज घेतो का!

स्पॅनर_दहा :
इंधनाचं नंतर बघू, आधी ते रोजचे ४ किमी बघा. खरी मेख तिथे आहे.

डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत आला की इंजिन थोडं डिझेल सिलिंडरमध्ये मुद्दाम उशिरा मारतं (फवारतं), फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. याला रीजन म्हणतात. काही शे किलोमीटरमागे एकदा होतं, १० ते २० मिनिटं चालतं. ४ किमीत इंजिनचं पाणीसुद्धा धड तापत नाही. त्यामुळे रीजन सुरूच होत नाही, किंवा सुरू झालं की तुम्ही पार्किंगमध्ये इंजिन बंद करता. असं वारंवार झालं की ते उशिरा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरत राहतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी चढताना दिसलं तर हेच कारण समजा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर ऑइल बदलायचं. थोडं काढून टाकून भागत नाही, कारण उरलेलंही पातळच असतं आणि टर्बोच्या बेअरिंगला तेच मिळतं.

रीजन चालू असल्याची लक्षणं: आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) ८०० वरून १००० आरपीएमच्या आसपास जातं, गाडी उभी असताना पंखा जोरात फिरतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, स्क्रीनवरचं ॲव्हरेज धाडकन पडतं, जळका वास येतो. अशा वेळी बंद करू नका, आणखी पंधरा मिनिटं फिरवून आणा. दिवा लागलाच तर एक गिअर खाली ठेवून २००० आरपीएमच्या वर १५-२० मिनिटं सलग चालवा. आणि टाकी रिझर्व्हला आली असेल तर बऱ्याच गाड्या रीजन घेतच नाहीत, हे कोणी सांगत नाही.

हायवेच्या फेरीत फिल्टर छान साफ होईल. पण ती चार आठवड्यांतून एकदा. मधले २०० किमी तो नुसता भरत राहणार.

काळा_धूर :
ही सगळी नव्या गाड्यांची नाटकं. जुनी डिझेल इंजिनं काहीही पाजलं तरी पळायची. फिल्टर काढा, सरळ पाइप टाका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅप करून घ्या, विषय संपला.

स्पॅनर_दहा :
नवी गाडी घेतायत ते! वॉरंटी पहिल्याच दिवशी गेली, धूर तपासणीत अडकणार, आणि बहुतेक देशांत हा सरळ गुन्हा आहे. असला सल्ला देऊ नका.

काळा_धूर :
सल्ला विचारला म्हणून दिला. पटत नसेल तर सोडा.

लिटरचा_हिशेब :
भाव सतत बदलतात, म्हणून सगळं लिटरमध्ये मोजा. तुमचं वर्षाचं रनिंग १४,४०० किमी. साधं पेट्रोल १५ आणि डिझेल २० चं ॲव्हरेज धरलं तर ९६० लिटर विरुद्ध ७२० लिटर. वर्षाला २४० लिटर वाचले. आता दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतल्या फरकात किती लिटर पेट्रोल येतं ते काढा. समजा १५०० लिटर येतं, तर फरक वसूल व्हायला सव्वासहा वर्षं. डिझेल पंपावर पेट्रोलपेक्षा स्वस्त असेल तर लवकर, महाग असेल तर उशिरा.

त्यात डिझेलचं सर्व्हिसिंग मिळवा: ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेगळा, आणि गाडीला ॲडब्लूची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) टाकी असेल तर हजार किमीला साधारण लिटरभर तेही. कर्जावर घेत असाल तर फरकावरचं व्याजही. म्हणजे दहा वर्षं ठेवली तरच हाताला काही लागतं. नुसत्या पैशासाठी डिझेल घेत असाल तर राहू द्या.

रेडलाइन_६५०० :
१५ आणि २० कुठून आणलेत? हायवेला एवढी तफावत पडत नाही. पेट्रोल इंजिन थ्रॉटलच्या झडपेने हवा अडवतं. झडप अर्धवट उघडी असली की त्यातून हवा ओढण्यातच जोर वाया जातो. डिझेलला जोर कमी-जास्त करायला हवा अडवावी लागत नाही, डिझेल किती मारायचं तेवढंच बदलतं. शिवाय डिझेलचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) १६ च्या आसपास, पेट्रोलचं १० ते ११. पण थ्रॉटलचा तोटा सगळ्यात जास्त रांगत्या गर्दीत होतो. हायवेच्या लोडवर झडप बरीच उघडी असते, तिथे पेट्रोल डिझेलच्या जवळ येतं. लोक नेमकं उलटं समजतात.

टर्बो पेट्रोल घ्या. ताकद डिझेलएवढी, डीपीएफची कटकट बहुतेक ठिकाणी नाही, आवाज नाही.

लिटरचा_हिशेब :
लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाच १०-१२ टक्के जास्त असते, ती कुठे जाईल? आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर दरी आणखी वाढते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा. २० टक्के मिश्रण असेल तर ॲव्हरेज ६-७ टक्क्यांनी पडतं. १५ चं १४ झालं.

टाकीफुल्ल :
माझं २० पक्कं आहे. स्क्रीनवर दिसतं.

लिटरचा_हिशेब :
स्क्रीन बहुतेक वेळा थोडं जास्तच दाखवते. टाकी टू टाकी काढा: त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटऑफला थांबायचं. किमान ४०० किमी चालवून परत तसंच भरायचं आणि भागाकार करायचा. कटऑफनंतर गोल आकडा करायला दोन लिटर कोंबलेत की हिशेब गेला.

टाकीफुल्ल :
बरं, मग १९ धरा. तरी डिझेलच.

घाटमाथा :
ॲव्हरेजवरून भांडण चाललंय आणि भरलेल्या गाडीचं कोणी बोलतच नाही. चार माणसं आणि सामान म्हणजे गाडीत साडेतीनशे-चारशे किलो. साध्या १.५ पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १४५ न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही ४००० आरपीएमच्या पुढे. डिझेलचा २५० आणि तो १७५० पासून हजर. टर्बो पेट्रोलही २५० च्या घरात. वर उंचीचा मुद्दा आहे: बिनटर्बोचं इंजिन दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. टर्बो ती उणीव बरीचशी भरून काढतो. साध्या पेट्रोलने घाट चढतोच, फक्त दुसऱ्या गिअरात ४००० वर रडत चढतो आणि ट्रकला ओव्हरटेक करायला मोकळा रस्ता जास्त लागतो.

म्हणजे साधं पेट्रोल बाद. उरलेल्या दोनांत तुमचं तुम्ही बघा.

शांत_इंजिन :
बाद कशाला? घाट १००० किमीत ४० किमी असेल. साधं पेट्रोल, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी फवारणारं), टर्बो नाही, डीपीएफ नाही, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारं दुहेरी चाक) नाही. दहा वर्षं ठेवायची असेल तर जे गाडीत नाहीच ते बिघडत नाही.

टर्बो पेट्रोलवाले अर्धंच सांगतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवर पडत नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचतो आणि पेट्रोलमधल्या क्लीनरने निघत नाही. व्हॉल्व्ह उघडे करून साफ करावे लागतात. पाचव्या गिअरात १३०० वर असताना ॲक्सिलरेटर तळाला दाबला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, एका दणक्यात पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) तुटते. उपाय सोपा आहे, गिअर खाली घ्या आणि एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा, पण करतो कोण? आणि भरल्या गाडीने सतत १२० च्या पुढे दामटलंत तर बरीच टर्बो पेट्रोल इंजिनं थंड राहायला जास्तीचं पेट्रोल ओततात. तेव्हाचं ॲव्हरेज रेडलाइन साहेबांनी सांगावं.

रेडलाइन_६५०० :
१२० च्या पुढे दामटायला कोण सांगतंय? ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा दीडपटीच्या वर जातो. तो सगळ्यांनाच भोगावा लागतो, डिझेललाही.

न्यूट्रल_किंग :
घाट उतरताना न्यूट्रल करा, इंधन शून्य. ॲव्हरेजचा प्रश्नच मिटला.

घाटमाथा :
अजिबात करू नका. गिअरात पाय उचलला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, इंधन खरोखर शून्य. न्यूट्रलला इंजिन आयडल ठेवायला तासाला अर्धा-एक लिटर जळतंच. वर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापून पेडल खाली गेलं की मग गिअर टाकायला जाता आणि पडत नाही. ज्या गिअरात घाट चढता त्याच गिअरात उतरायचं.

न्यूट्रल_किंग :
आमच्या काळात सगळे असेच उतरायचे.

हवा_३३ :
एवढी चर्चा, पण डीपीएफचं कोणीच काही बोललं नाही? डिझेल घेणार असाल तर डीपीएफ चोक होतो, आधी माहिती काढा.

स्पॅनर_दहा :
वर स्क्रोल करा, साहेब.

हिरवी_पाटी :
हायब्रीड घ्या. डिझेल-पेट्रोल दोन्ही आता गेलेलं आहे.

पाचवा_गिअर :
बजेटबाहेर आहे. आणि हायवेला हायब्रीडचा फायदा आटतो ना?

हिरवी_पाटी :
आटतो, कारण वेग कमी केल्याशिवाय बॅटरीत काही परत येत नाही. पण तुमचे रोजचे ४ किमी आहेतच की. बजेट वाढवा.

स्पॅनर_दहा :
धागाकर्त्यांसाठी शेवटचं. डिझेल घेतलंत तर ऑइल कमी राखेचं हवं, एसीईए सी२ किंवा सी३, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तो. काजळी जळते, ऑइलमधून आलेली राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सर्व्हिसिंगला सोडून घ्या. पाणी हाय-प्रेशर पंपात गेलं की पंपाचा चुरा रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) आणि इंजेक्टरपर्यंत पोचतो, मग टाकीसकट सगळी लाइन उतरवावी लागते. १५०० च्या खाली इंजिन रेटू नका, फ्लायव्हील जातं. माझं मत विचाराल तर या वापराला टर्बो पेट्रोल.

लिटरचा_हिशेब :
टर्बो पेट्रोलला +१.

घाटमाथा :
+१. हाच एक पर्याय घाटातही चालतो आणि ४ किमीतही.

पाचवा_गिअर :
सगळ्यांचे आभार. काल बुकिंग केलं: डिझेल, बेस व्हेरिएंट. मधल्या व्हेरिएंटचे जे पैसे वाचले त्यात इलेक्ट्रिक स्कूटर. रोजचे ४ किमी तिच्यावर, गाडी फक्त लांबच्या फेरीला. हिशेबात डिझेल परवडत नाही हे समजलं, पण तिन्ही चालवून पाहिल्या, चार जण बसवून चढावर नेल्या, आणि १८०० आरपीएमवर निवांत चढणारी डिझेलच आवडली.

टाकीफुल्ल :
शाब्बास! पण बेस?? गाणी कशावर ऐकणार?

रेडलाइन_६५०० :
मग एवढं विचारलंत कशाला, राव.

घाटमाथा :
बेसमध्ये ईएससी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) आहे ना ते डिलिव्हरीआधी बघा. काही कंपन्या तिथेच कात्री लावतात, टायरही अरुंद देतात. ईएससी नसेल तर बुकिंग बदला, बाकी काही नसलं तरी चालेल.

स्पॅनर_दहा :
स्कूटरची युक्ती चांगली आहे, डीपीएफचा प्रश्न बराचसा सुटला. पण आता गाडी तीन-तीन आठवडे उभी राहणार. मधे नुसती पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवू नका, बॅटरी भरत नाही आणि काजळी तेवढी साचते. एकतर अर्धा तास नीट फिरवून आणा, नाहीतर बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा. टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी धरतं. जागा सपाट असेल तर हँडब्रेक ओढून न ठेवता गिअरात ठेवा आणि चाकाला उटी (अडसर) लावा, म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत. निघण्याआधी हवा थंड टायरला तपासा, फुल लोडचा आकडा दाराच्या खांबावर छापलेला असतो, तो नेहमीच्या हवेपेक्षा जास्त असतो.

आणि पंपावर स्वतः उतरून उभे राहा. पेट्रोलचं नोझल डिझेलच्या तोंडात सहज जातं. चुकून भरलंच तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकीतला पंप तेवढ्याने चालू होतो. ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसा.

काळा_धूर :
जुन्या गाडीत हे काहीच नव्हतं.