पटणं आणि समजणं

'जे नीट समजावून सांगता येत नाही, ते खरं कशावरून मानायचं?' हा आध्यात्मिक अनुभूतीबद्दलचा प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होतेय. सांगता न येणं वेगळं आणि तपासता न येणं वेगळं.

'सगळं क्षणभंगुर आहे' हे वाक्य आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. त्याने काडीचाही फरक पडत नाही. पण कधीतरी राग आलेला असताना छातीत जिथे आवळल्यासारखं होतं, तिकडे नुसतं बघत बसा. मनातल्या मनात वाद घालायचा नाही, समजूतही काढायची नाही. ती जागा तापते, घट्ट होते, मग आपली आपणच सैल पडायला लागते. तेव्हा तेच जुनं वाक्य आतून पटतं. नवी माहिती शून्य!

पास्कलसारखा पक्का गणिती घ्या. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला सुमारे दोन तास विलक्षण अनुभव आला. त्याने त्याचं तुटक शब्दांत टिपण केलं आणि ते कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं. 1662 मध्ये तो गेल्यावरच ते सापडलं. कुणाला पटवायची घाई नव्हती म्हणायची.

मात्र गदगदून आलं म्हणजे अनुभूती झाली, असं नव्हे. भारावून तर एखाद्या भाषणानेही जायला होतं (वाईट भाषणाने जरा जास्तच). मी एवढंच बघतो की त्यानंतर घरच्यांशी बोलताना आवाज चढायचा कमी झाला का. आणि हे घरच्यांनाच विचारावं, आपलं उत्तर धरू नये.