इंग्रजी ‘मॉन्गूस’ हा शब्द मराठीचा म्हणावा का?

धागाप्रवर्तक, नागपूर :
माझ्या सातवीतल्या मुलीला शिकवणीत सांगितले गेले की ‘मॉन्गूस’ या शब्दात ‘गूस’ हा पक्षी दडला आहे आणि म्हणून त्याचे अनेकवचन ‘मॉन्गीस’ करावे. हे वाचून मला फार वाईट वाटले. अंबाझरीच्या बाजूला सकाळी फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारे आपले मुंगूसच त्या शब्दात आहे. ‘गूस’ हा वेगळा, जुना इंग्रजी शब्द असून त्याचे मूळ आपल्या ‘हंस’ शब्दाशी जुळते; मुंगसाशी त्याचा काहीही संबंध नाही. ऑक्सफर्डचा कोश हा शब्द मराठीतून आल्याचे नोंदवतो. तेव्हा शाळेत तो मराठीचा शब्द म्हणूनच शिकवला जावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद :
अनेकवचनाबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. ते ‘मॉन्गूसेस’ असेच होते. मात्र पुढचा दावा मला मान्य नाही. संस्कृतात या प्राण्याला ‘नकुल’ म्हणतात आणि त्यापासून हिंदीत ‘नेवला’ झाला, पण ‘मुंगूस’ त्या वाटेने आलेला दिसत नाही. उलट तेलुगूत ‘मुंगिस’ आणि कन्नडमध्ये ‘मुंगुसी’ असे अगदी जवळचे शब्द आहेत, आणि १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने तर हा शब्द सरळ तेलुगू ठरवला आहे. घुशीसाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘बँडिकूट’ हाही तेलुगू ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, यावरून आला. शेजाऱ्याचे देणे आपल्या नावावर लिहून घेणे मला उचित वाटत नाही.

धागाप्रवर्तक :
देणे नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु इंग्रजांनी हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला, हा प्रश्न वेगळा आहे. मुंबई आणि सुरतेत राहिलेला, जुन्नरलाही जाऊन आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवृत्तात या प्राण्याचे नाव येते, आणि तो मुलूख तेलुगूचा नव्हे.

दुसरा प्रतिसाद :
आपण दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाही आहात. ‘मराठीतून’ आणि ‘मराठीचा’ यांत पंचमी आणि षष्ठी यांच्याएवढे अंतर आहे. ऑक्सफर्डची नोंद पहिल्याबद्दल आहे आणि पहिल्या प्रतिसादकांचा युक्तिवाद दुसऱ्याबद्दल. शिवाय तेलुगू-कन्नडसारखे द्राविडी मूळ म्हटले की ते परके, अशी जी छटा या चर्चेत येते, ती निदान नागपुरात तरी येऊ नये, कारण हे शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, गोंडी ही द्राविडी कुळातलीच भाषा आहे, आणि पलीकडे तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यात आजही घराघरांत तेलुगू बोलली जाते. अशा सीमेवर शब्द इकडून तिकडे जाणारच.

पहिला प्रतिसाद :
‘मराठीतून’ मला मान्य आहे. ‘मराठीचा’ याला माझा विरोध कायम आहे.

धागाप्रवर्तक :
मुलीच्या वहीत मी आज ‘मराठीतून’ असेच लिहिले आणि खाली तेलुगू व कन्नड रूपेही लिहून दिली. तरीही जो शब्द माझ्या आजीने आयुष्यभर वापरला, ज्याचे ‘मुंगसाला’, ‘मुंगसाने’ असे सामान्यरूप मराठीच्याच नियमाने चालते, तो मराठीचा नाही हे मी मान्य करणार नाही.