वरच्या मजल्यावर, सोलरच्या पाण्याला थर्मोस्टॅटिक मिक्सर (गार-गरम मिसळून ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा नळ) चालेल का?

आईसाठी विचारतेय. वय ७६, मधुमेह जुना, तळपाय बधिर. पाणी किती कढत आहे ते तिला पायाला कळतच नाही. आम्ही पुण्यात, चौथा म्हणजे शेवटचा मजला, गच्चीवर सोलर. परवा ती शॉवरखाली स्टुलावर बसलेली असताना मी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि तिकडे गार पाणी तुटलं. संध्याकाळी पाय पुसताना मला अंगठ्याजवळ फोड दिसला, तिला पत्ताच नव्हता. तेव्हापासून बादलीत पाणी काढून देते, पण खांदा धरल्यामुळे तिला तांब्या उचलवत नाही. दुकानदार म्हणतो, कुठलाही थर्मोस्टॅटिक घ्या. खरंच कुठलाही चालतो?

प्रतिसाद १
ताई, कुठलाही नाही. मी प्लंबिंगचीच कामं घेतो. टाकीतलं पाणी शॉवरच्या १० मीटर वर असेल तर १ बार प्रेशर मिळतं. शेवटच्या मजल्यावर जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच थर्मोस्टॅटिकना अर्धा ते एक बार तरी लागतो. कॅटलॉगात किमान प्रेशर छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पंप लावायचा झाला तर गार आणि गरम दोन्ही लायनींवर हवा. आणि कृपा करून सोलरच्या टाकीच्या आधी लावू देऊ नका! साधी टाकी ते प्रेशर सोसत नाही, फाटते. गरमचा पंप टाकीनंतर, गरम पाण्याला चालणारा घ्या.

प्रतिसाद २
बोअरचं पाणी असेल तर भिंतीत गाडायचा घेऊ नका, बाहेरून बसणारा घ्या. आत मेण भरलेली कुपी असते, ती तापली की मेण फुगून गरमची वाट आवळतं. तिच्यावर क्षार चढला की मिक्सर मंदावतो. आमचा दीड वर्षात अडकला. आता दर तीन महिन्यांनी जाळ्या काढून व्हिनेगरमध्ये घालतो, पांढरा थर सुटून येतो.

प्रतिसाद ३
३८ अंशांवर अडणारं बटण असलेलाच घ्या. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. बसवल्यावर आईंना आत नेण्याआधी शॉवर चालू करून गारचा कॉक पूर्ण बंद करा. दोन-तीन सेकंदांत गरमही थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर प्लंबरला तिथेच उभं करा.

दादा, आत्ताच गच्चीवर टेप लावून आले. टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत अडीच मीटरच भरले. म्हणजे पंप आलाच. तोवर मी तांब्याने घालते तिला पाणी.