वर्गातली पद्धत दुसऱ्या कॉलेजपर्यंत पोचवायची कशी?

भौतिकशास्त्र, चोपडा
नमस्कार मंडळी. प्रथम वर्ष बीएस्सीला शिकवतो. बरीच मुलं सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून एसटीने येतात. घरी अहिराणी नाहीतर पावरी, पुस्तक इंग्रजीत. 'समजलं का?' म्हटलं की सगळ्या माना डोलतात, आणि पेपरात कोरी पानं.

यंदा पीअर इन्स्ट्रक्शन धरलं आहे, म्हणजे मुलांनीच एकमेकांना पटवत शिकायचं. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून ते वापरत आले. एक प्रश्न, चार पर्याय. निवडलेल्या पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलत नाहीत. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर मी काहीच सांगत नाही. शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा बोटं.

प्रश्न होता: वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूला असताना त्याचं त्वरण किती? निम्म्या वर्गाचं उत्तर शून्य. तेवढ्यात एरवी गप्प असणारी एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "वेग शून्य शे, पन पृथ्वी त्याले खाले ओढीच र्‍हायनी ना!" दुसऱ्या फेरीत बहुतेक बोटं ९.८ वर. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. तिला ते नुकतंच उमगलं होतं, म्हणून अडतं कुठे हे तिला ठाऊक होतं.

आता हे इतर कॉलेजांत न्यायचं कसं? पीपीटी बघून ही पद्धत उचलता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

संख्याशास्त्र, धुळे
सर, प्रश्नच पाठवा. आणि मुलं कुठला चुकीचा पर्याय निवडतात, का निवडतात, तेही लिहा. खरं मोल त्याचंच. माझा घ्या: केळीच्या नऊ घडांची वजनं दिली, त्यातला सर्वांत जड घड आणखी जड केला, तर सरासरी बदलेल, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वजन) की दोन्ही? बदलते फक्त सरासरी, पण बरेच जण 'दोन्ही' म्हणतात.

इतिहास, नंदुरबार
आमच्याकडे एकच बरोबर उत्तर नसतं, त्यामुळे बोटं चालत नाहीत. मी जिगसॉ पद्धत घेते. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती इथेच गोळीबारात गेले. त्या घटनेवर प्रत्येकाला वेगळं ऐतिहासिक साधन वाचायला देते, मग गटात एकमेकांना शिकवायचं. आपल्या वाट्याचं न वाचता आलेला लगेच कळतो.

भौतिकशास्त्र, चोपडा
मॅडम, तुम्ही साधनं कशी वाटून देता ते बघायचं आहे. मागच्या बाकावर बसू द्याल का? धुळ्याच्या सरांनीही माझ्या तासाला यावं. गुरुवारी अकराचा तास आहे, विषय घर्षण. प्रश्न आज रात्री इथे टाकतो. तुमची मुलं काय उत्तर देतात ते आधी कळवा.